पोप्या, बाज्या आणि मधला मी

"हे मी घालणार न्हाई," पोपट साळोखे म्हणाला. हातातली लाल बंडी त्यानं दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. मांजरानं उंबऱ्यात आणून टाकलेला उंदीर उचलावा, तशी.

ठवरे सरांनी तोंडातली शिट्टी काढली. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे नवे प्रशिक्षक म्हणून ते नागपूरहून आले होते आणि त्यांची पहिली सकाळही अजून पुरी झाली नव्हती. सरावात दोन बाजू ओळखू याव्यात म्हणून शर्टावर चढवायच्या जाळीदार बंड्या त्यांनी सोबत आणल्या होत्या, निम्म्या लाल, निम्म्या पिवळ्या. पोरं नेहमीप्रमाणं दोन घोळक्यांत उभी होती. सरांनी या घोळक्याला लाल वाटल्या, त्या घोळक्याला पिवळ्या. सरळ माणूस, त्यांना काय ठाऊक!

"काहून?" सरांनी विचारलं.

"रंग बराबर न्हाई."

"रंगाले काय झालं बे? सायमननं काल स्वतःच्या हातानं धुतल्या."

सायमन सर म्हणजे सरांचे सहायक, तेही नागपूरचेच. गोलकीपर घडवणं आणि आमची अंगं लवचीक करणं ही त्यांची खाती. त्यांनी मान डोलावली. बंड्या धुतलेल्या होत्या.

तिकडं दुसऱ्या घोळक्यापुढं बाजीराव निगवेकरनं आपली पिवळी बंडी गवतावर ठेवली होती आणि तिच्याकडं पाठ करून तो आकाशातल्या घारी बघत होता. त्याच्या पोरांनीही आपापल्या बंड्या ओळीनं गवतावर मांडल्या. मैदानात कुणी वाळवण घातलंय असं दिसायला लागलं.

"ॲलर्जी आहे का ह्या पोट्ट्यांले?" सरांनी मला विचारलं, कारण बंडी घालून तयार असलेला मी एकटाच होतो.

"तसंच समजा सर," मी म्हणालो. "पोपट चिंचबाग तालमीचा. चिंचबागेचा रंग पिवळा. बाजीराव तोफखाना तालमीचा, त्यांचा लाल. तुमी उलटं वाटलंय."

"मंग अदलाबदल करा. त्यात काय!"

"आता जमायचं न्हाई. लाल बंडीला पोपटचा हात लागला नव्हं? आता त्याच्या हातची बाजीराव घालत न्हाई."

सरांनी सायमन सरांकडं बघितलं. सायमन सरांनी घारींकडं.

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल बघितलेला नाही त्यांना हे खोटं वाटेल. तिथं पेठेपेठेत तालमी आहेत, जुन्या काळापासूनच्या, कुस्तीसाठी बांधलेल्या. पुढं त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि कुस्तीतली सगळी खुन्नस जशीच्या तशी चेंडूवर आणली. चिंचबाग आणि तोफखाना यांच्यात तर मी शाळेत असताना एका फायनलला ऑफसाइडवरून जुंपली होती. पोप्याच्या चुलत्यानं, तात्यानं, गोल मारला, तो अंगातला शर्ट काढून नाचला आणि पंचानं गोल रद्द केला. तोफखान्याची पोरं हसली. तेव्हापासून चिंचबागेचा माणूस तोफखान्याच्या चौकात चहासुद्धा पीत नव्हता. लग्नाची पत्रिका द्यायची वेळ आली तर तिसऱ्या पेठेतल्या पाहुण्याच्या हातून जायची.

आणि ही दोन्हीकडची पोरं आमच्या कॉलेजात एकाच संघात होती. आधीच्या सरांनी त्यावर सोपा उपाय काढलेला. मैदानाची डावी बाजू चिंचबागेची, उजवी बाजू तोफखान्याची. गोलकीपर इचलकरंजीचा, आणि मधोमध मी, इरगोंडा पाटील, राहणार गडहिंग्लज, मुक्काम कॉलेजचं हॉस्टेल. मला कुणाचाच रंग नव्हता. त्यामुळं पोप्याला चेंडू उजवीकडं पाठवायचा असेल तर तो मला द्यायचा, आणि मी बाज्याला. बाज्याला डावीकडं पाठवायचा असेल तर तो मला, आणि मी पोप्याला. थेट एकमेकांना त्यांनी कधीच दिला नव्हता. समोर कुत्रं नसलं, गोल मोकळा असला, तरी नाही.

याचा मला फायदा असा झाला, की मी मोठा खेळाडू ठरलो. बघणाऱ्याला वाटायचं, काय हे पोरगं आहे, सगळे चेंडू याच्याकडंच! गडहिंग्लजला बातमी पोचली. आमच्या अप्पांचं तिथं मिरचीचं दुकान. गाव फुटबॉलवेडं, पण अप्पा त्या वेडापासून चार हात लांब. आमचं लिंगायताचं, गळ्यात लिंग आणि ताटात शाकाहार असलेलं घर. त्यात मी चड्डी घालून चेंडूमागं धावतो म्हटल्यावर अप्पा माझा एकही सामना बघायला आले नव्हते. पण त्या वर्षी एसटीडी बूथवरून फोन लावला तर म्हणाले, "बाजारात समदी सांगत्यात, चेंडू म्हणं तुझ्याकडंच येतोय. खरं हाय काय रं?"

"खरं हाय अप्पा."

"मग फायनलला गेलासा तर येतो. एकदा बघू तरी."

मी बूथच्या बाहेर येऊन रस्त्यावर नाचलो. पानपट्टीवाल्यानं विचारलं, पास झालास काय? म्हणालो, त्याच्यापेक्षा मोठं.

त्या बंड्यांच्या दिवशी सराव झाल्यावर सर मला कॅंटीनला घेऊन गेले. सरांचं वय पन्नाशीच्या पुढचं, पण सकाळी आमच्याबरोबर मैदानाला सगळ्या फेऱ्या त्यांनी मारल्या होत्या आणि शेवटी पोप्याला मागं टाकलं होतं. तेव्हाच मला हा माणूस आवडला.

"मी पाहून राहिलो होतो," सर चहात खारी बुडवत म्हणाले. "पोपटकडचा बॉल बाजीरावकडे जातच नाही. सगळे तुझ्याकडे येऊन राहिले. तू काय पोस्ट ऑफिस आहेस का बे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तात्यापासून पत्रिकेपर्यंत. सरांची खारी चहात विरघळून गेली तरी त्यांना कळलं नाही.

"म्हणजे समोरच्या टीमनं फक्त तुले धरलं की आपण संपलो," ते शेवटी म्हणाले. "मागच्या वर्षी तसंच झालं ना?"

तसंच झालं होतं. साताऱ्यानं माझ्या अंगावर दोन माणसं लावली होती आणि आम्ही सहज हरलो होतो.

"ऐक. तू दोघांशीही बोलतोस. पहिल्या मॅचच्या आत हे दोघं एकमेकांले पास द्यायले पाहिजेत. कसं ते तू पाह्य. नाही तर मी अन् सायमन महाराष्ट्र एक्सप्रेसनं परत नागपूर."

"व्हय सर," मी म्हणालो. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, की सर राहिले पाहिजेत.

पुढचे काही दिवस मोठे बहारीचे गेले. सरांनी पोप्या आणि बाज्याची जोडी लावून दिली, समोरासमोर उभं राहा आणि पास द्या. पोप्यानं चेंडू निलगिरीच्या झाडाला दिला. झाडानं तो बाज्याकडं ढकलला. बाज्या म्हणाला, झाडाचा घेतो. सायमन सरांनी सगळ्यांना डोळे मिटून एका पायावर उभं केलं. त्यांचं म्हणणं, यानं मन शांत होतं.

"सर, आमी बगळा हाय काय?" पोप्यानं विचारलं.

"डोळे मीट."

"मिटल्यावर बाज्यानं ढकललं तर?"

बाज्या लांबून म्हणाला, "तुला ढकलायला हात कशाला पायजे? फुंकर बास."

एका पायावरची सगळी फळी हसून हसून आडवी झाली. पण मी हसलो नाही. माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं होतं. पोप्याचा चेहरा मी बघितला होता. त्याला राग आला नव्हता, इर्षा चढली होती. कोल्हापूरच्या माणसाकडून गोड बोलून घोटभर पाणी मिळत नाही, पण इर्षेला पेटवलं तर तो विहीर खणून देतो.

मी नळावर पोप्याला गाठलं.

"पोप्या, एक सांगू? रागावू नको."

"बोल."

"बाज्या म्हणत हुता, पोप्याची लाथ म्हणजे शिजल्याला दुधी भोपळा. त्यानं मला पास दिला तर माझ्या पायापातूर पोचायचाच न्हाई, वाटंतच बसंल."

पोप्या ओंजळीतलं पाणी तसंच धरून उभा राहिला. "असं म्हणला?"

"दुधी भोपळा म्हणला."

तिथून मी धावत बाज्याकडं गेलो. बाज्या बुटाच्या नाड्या सोडत होता. त्याला सांगितलं, पोप्या म्हणतोय की बाज्याचा पाय म्हणजे मुळ्याची भाजी, मी चेंडू घातला तर त्याला थांबवता यायचा न्हाई, पाय मोडून घेईल.

"मुळा?" बाज्या म्हणाला.

"मुळ्याची भाजी."

बाज्यानं नाड्या परत बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला आणि पहिलाच चेंडू पोप्याकडं आला. मी सवयीनं हात वर केला. पोप्यानं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. चार पावलं मागं सरून त्यानं थेट बाज्याच्या नडगीच्या दिशेनं चेंडू असा हाणला की मधली दोन पोरं खाली बसली. बाज्या हलला नाही. त्यानं तळपाय पुढं केला, चेंडू जागच्या जागी थोपवला, मिशीवर हात फिरवला, नसलेल्या मिशीवर, आणि मग तोच चेंडू दुप्पट जोरानं पोप्याच्या अंगावर परत पाठवला. पोप्यानं तो छातीवर घेतला आणि पायाशी सोडला.

सरांची शिट्टी तोंडातून निसटून छातीवर लोंबायला लागली.

"सायमन," सर म्हणाले, "हे पोट्टे पास देऊन राहिले का मारून राहिले?"

"सर, पोचून तर राहिला ना," सायमन सर म्हणाले.

पोचत होता! त्या दिवसापासून मला रोज एक नवा अपमान तयार करावा लागायचा. मी हॉस्टेलच्या कॉटवर पडून विचार करायचो. बाज्या म्हणतोय पोप्याचा पास म्हणजे अळणी आमटी. पोप्या म्हणतोय बाज्या म्हणजे भिजत घातलेली मटकी, मोड यायला रात्र लागते. पोप्या ऐकायचा, दात खायचा आणि चेंडू असा घालायचा की तोफेचा गोळा. बाज्या ऐकायचा, नाकपुड्या फुगवायचा आणि तो गोळा अंगठ्यावर झेलायचा. दोन्ही तालमींची बाकीची पोरंही मग त्यांच्या मागनं तसंच करायला लागली. सर खूश, सायमन सर खूश, मी तर हवेत. एवढी मजा मला त्याआधी फुटबॉलमध्ये आली नव्हती.

स्पर्धा सुरू झाली. इचलकरंजीला जिंकलो, मिरजेला जिंकलो, सांगलीला सेमीफायनल जिंकलो. समोरच्या संघांना काही समजतच नव्हतं. त्यांनी माझ्यावर दोन माणसं लावली, आणि चेंडू आम्हा तिघांच्या डोक्यावरून डावीकडून उजवीकडं गेला. सांगलीच्या सामन्यानंतर बसमध्ये पोरं खिडक्या बडवत गाणी म्हणत होती. सरांनी मला पुढच्या सीटवर बोलावलं.

"इरगोंडा, आज तुझ्याकडे बॉल किती वेळा आला बे?"

मी आठवायला लागलो. आठवायला वेळ लागला, तेव्हाच मला काय ते कळायला पाहिजे होतं.

"फार न्हाई सर."

"फार नाही," सर म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं काम तू केलं. लय भारी केलं. पण आता मधे मले पोस्ट ऑफिस नको, भिंत पाहिजे. फायनलले तुझ्या जागी शीतल चौगुले. उंच पोट्टा आहे, कोणत्याच तालमीचा नाही, डोक्यानं खेळते. तू बाहेर बस. ते दोघं पुन्हा भांडले तर तुले आत घेतो."

मागं पोरं खिडक्या बडवतच होती. मी म्हणालो, "व्हय सर," आणि माझ्या जागेवर येऊन बसलो. पोप्यानं माझ्या मांडीवर थाप मारली आणि विचारलं, "आज काय म्हणला रं बाज्या?" मी वळून खिडकी बडवायला लागलो.

अप्पांना फोन करून येऊ नका म्हणून सांगावं, असं मनात आलं. बूथवर गेलोही. पण तिकडून अप्पाच आधी बोलले, "जीप ठरवलीया. काका, आत्या, समदी येणार. आत्या इचारतीया, तुझा नंबर किती?" मी नंबर सांगितला आणि फोन ठेवला.

फायनल कोल्हापुरात होती आणि समोर सातारा. स्टेडियम भरलेलं. आधीचे सामने बाहेरगावी झाले होते, तिथं कॉलेजची पोरं सोडली तर कुणी नव्हतं. इथं डाव्या बाजूला सगळी चिंचबाग पिवळे झेंडे घेऊन, उजव्या बाजूला सगळा तोफखाना लाल. चिंचबागेच्या पहिल्या ओळीत कठड्याला टेकून तात्या. आणि त्यांच्यामागं, गुलाबी पटका बांधलेले अप्पा, काका आणि डोळ्यांवर हात धरून माझा नंबर शोधणारी आत्या. मी बाकावर बसलोय हे त्यांच्या लक्षात यायला पंधरावीस मिनिटं गेली असतील. अप्पा उभे राहिले, मग बसले, मग परत उभे राहिले.

मैदानात तर कल्याणच झालं. पोप्याच्या पायात चेंडू आला, बाज्या समोर मोकळा, पोप्यानं पाय मागं घेतला आणि त्याची नजर तात्यांवर गेली. त्यानं चेंडू मागं देऊन टाकला. बाज्याचंही तेच. लाल झेंड्यांसमोर त्याचा पाय पोप्याकडं वळेचना. दोघंही शीतलकडं चेंडू टाकत होते, आणि शीतल, बिचारा गुणी मुलगा, तो चेंडू डोक्यानं जिकडं जाईल तिकडं पाठवत होता. साताऱ्यानं गोल केला. हाफटाइम झाला तेव्हा आम्ही एकानं मागं होतो.

"इरगोंडा, अंग गरम कर," सर म्हणाले. "ह्यांचं पुन्हा सुरू झालं. तुले घेतो."

मी उठलो. जागच्या जागी उड्या मारायला लागलो. तिकडं आत्यानं माझ्याकडं बोट दाखवलं, काका उठले, आणि अप्पांनी, माझ्या अप्पांनी, दोन्ही हात वर करून हलवले. उडी मारताना माझे पाय जमिनीला लागतायत की नाही हेच कळेना.

तेवढ्यात पोप्यानं माझ्या दंडाला धरलं आणि मला कठड्याच्या दिशेनं ओढत नेलं.

"इऱ्या, आज बाज्या काय म्हणला?"

"काय... काय न्हाई म्हणला."

"म्हणला असणार की. सांग."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं बाज्या आला. "आनी पोप्या काय म्हणला, ते पन सांग."

दोघं एकमेकांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभे! हे मी कधी बघितलं नव्हतं. आता दोघं समोरासमोर विचारणार आणि माझं बिंग फुटणार, म्हणून मी पोप्याच्या हातातून दंड सोडवायला लागलो.

"ए खुळ्या," पोप्या हळू आवाजात म्हणाला, "आमाला पहिल्या दिवसापास्नं म्हाईत हाय. तूच म्हणतोस समदं."

"दुधी भोपळा!" बाज्या म्हणाला. "आरं, आमच्या घरात दुधी भोपळा शिरत न्हाई. मुळा, मटकी, अळणी आमटी. कोल्हापुरात कुणी भाजीपाल्यानं शिव्या देतंय व्हय?"

मी कसंबसं विचारलं, "मग तुमी पास..."

"तेच्याबिगर द्यायचा कसा?" पोप्या म्हणाला. "खेळायची मजा तर आमालाबी कळतीया की. पन घरात तात्या इचारतो, तोफखान्याच्या पोराला पास का दिलास? मी म्हणलं, तेनं मला भोपळा म्हणलं, म्हणून तेच्या नडगीवर चेंडू हाणला. तात्या म्हणला, शाबास, आनी जोरात हाण."

"आमच्याकडं बी तसंच," बाज्या म्हणाला. "पन आज समदी हितं बसल्यात. त्यास्नी ऐकू गेलं पायजे. कठड्यापाशी हुबा ऱ्हा आनी मोठ्यानं म्हण."

"आनी भाजीपाला नको," पोप्या म्हणाला.

मी वर बघितलं. अप्पांचे हात अजून वरच होते. मी फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो असतो तर सरांनी मला आत घेतलं असतं, चेंडू परत पोप्याकडून माझ्याकडं आणि माझ्याकडून बाज्याकडं गेला असता, आणि अप्पांनी जे ऐकलं होतं ते डोळ्यांनी बघितलं असतं. बहुतेक हरलो असतो. पण बघितलं असतं.

मग मला त्या दोघांची तोंडं दिसली. सारख्याच घामेजलेल्या चेहऱ्यांची दोन पोरं, शेजारी शेजारी, माझ्याकडून एक शिवी मागत होती.

मी कठड्यावर चढलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "बाज्या म्हणतोय, चिंचबागेची लाथ म्हणजे पांढरा रस्सा! तिखट म्हणून न्हाई!"

चिंचबाग खवळून उठली. तात्या कठड्यावरून निम्मे बाहेर आले.

"आनी पोप्या म्हणतोय, तोफखान्याचा पाय म्हणजे रश्श्यातलं मटण! चेंडू लागला की हाडापास्नं सुटतंय!"

उजवीकडून जो आवाज उठला तो रंकाळ्यापर्यंत गेला असेल. लाल झेंडे कोसळल्यासारखे पुढं आले. "बाज्या, घे त्याचा! घे! थांबवून दाखव!" डावीकडून तात्या, "पोप्या, घाल तेच्या पायावर! सुटू दे मटण!" दोन्ही तालमी आयुष्यात पहिल्यांदा एकच मागणी करत होत्या.

आणि त्या गदारोळात, तात्यांच्या मागं, माझे अप्पा उभे होते. हात तसेच अर्धवट वर. पोटच्या पोराच्या तोंडून भर स्टेडियमात रस्सा आणि मटण ऐकून त्यांचा चेहरा असा झाला होता, की आत्यानं त्यांना धरून खाली बसवलं.

सर माझ्याकडं बघत होते. त्यांना सगळं समजलं नसावं, पण जे समजायला पाहिजे ते समजलं होतं.

"बस बे इरगोंडा," ते हळूच म्हणाले. "आता तुझी गरज नाही."

मी बाकावर बसलो. सायमन सरांनी मला केळं दिलं. मी ते हातात धरून राहिलो.

दुसरा हाफ मला अजून तुकड्यातुकड्यांनी दिसतो. पोप्यानं मैदान ओलांडून घातलेला तो पहिला गोळा. बाज्याच्या पायावर तो मेल्यासारखा पडला तेव्हा तोफखान्यानं चिंचबागेच्या पासला टाळ्या वाजवल्या, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन स्वतःलाच शिव्या दिल्या. बाज्यानं परत घातला. पोप्यानं धावता धावता तो गोलात वळवला. बरोबरी. तात्या शर्टाची बटणं काढायला लागले. मग उलटं झालं, पोप्याचा पास आणि बाज्याचा गोल, आणि सातारकरांचा गोलकीपर हात कमरेवर ठेवून बघतच राहिला. मी आणि सायमन सर मिठी मारून गोल गोल फिरत होतो आणि आमच्या दोघांच्या मधे ते केळं चेंगरलं.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा सरांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"जा बे. बाप आलेला आहे तुझा."

शीतल बाहेर आला, मी आत धावलो. थेट माझ्या जागी, मधोमध. डावीकडं पोप्याच्या पायात चेंडू होता. माझ्या आसपास कुणी नव्हतं. मी हात वर केला.

पोप्यानं माझ्याकडं बघितलं. अगदी डोळ्यांत बघितलं. आणि त्या नालायकानं चेंडू माझ्या नाकासमोरून बाज्याला घातला.

मी बाज्याकडं धावलो. "बाज्या, हिकडं!" बाज्यानं चेंडू पायाखाली घेतला, माझ्याकडं बघून दात काढले आणि तो परत पोप्याला पाठवला.

"अरे, तेला द्या की रं!" हा आवाज कुणाचा ते मला वळून बघावं लागलं नाही. "तेला द्या! माझ्या पोराला द्या की कुणीतरी!" अप्पा कठड्यापाशी आले होते, तात्यांच्या शेजारी, पटका सुटून गळ्यात आलेला. मग काका, मग आत्या, मग जीपमधलं सगळं गडहिंग्लज. अप्पांचं बघून तात्यांनाही चेव आला. "आरं द्या की त्या पोराला!" पिवळे झेंडे, लाल झेंडे, सगळं स्टेडियम तेच ओरडायला लागलं.

चेंडू डावीकडून उजवीकडं गेला, उजवीकडून डावीकडं आला. मी मधे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होतो, आणि ते दोघं खदाखदा हसत माझ्या दोन्ही बाजूंनी चेंडू खेळवत होते. मलाही हसू आवरेना. पोटात कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, पळता पळता मी गुडघ्यांवर बसलो, उठलो, परत पळालो. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसा झाला नाही. अप्पांचा आवाज बसला तरी ते ओरडत होते.

शिट्टी वाजेपर्यंत मला एकदाही कुणी चेंडू दिला नाही.